कोळशाचे देणे

आज १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन या तारखेच्या दोन ओळखी शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. तिसरी ओळख फारशी कुणी सांगत नाही. १ मे १९७३ रोजी देशातल्या दगडी कोळशाच्या खासगी खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाच्या खाणी बरोबर एक वर्ष आधी, याच तारखेला गेल्या होत्या. उरलेल्या खाणींचा कारभार सरकारने ३१ जानेवारी १९७३ ला ताब्यात घेतला आणि तीन महिन्यांनी मालकीही घेतली. विदर्भातल्या आणि छिंदवाड्याकडच्या खाणी पुढे नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. तिला तिकडची माणसे 'वेकोलि' म्हणतात.

खान्देशात कोळशाची एकही खाण नाही. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे आणि तापीकाठी गाळाची सुपीक जमीन. मग या विषयावर जळगाव-धुळ्याच्या वाचकाने का थांबावे? कारण आपण ज्याला आधुनिक खान्देश म्हणतो तो जवळजवळ सगळा दुसऱ्यांच्या खोऱ्यांतून आलेल्या कोळशावर उभा राहिला.

मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात भुसावळला पोचला. तिथून एक फाटा नागपूरकडे गेला, दुसरा खंडव्यावरून जबलपूरच्या दिशेने. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि खान्देशच्या कापसाला अचानक मोल आले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, बाष्पयंत्रे आली. १८७० च्या दशकात मुळजी जेठा यांच्या पेढीने जळगावात खान्देश मिल काढली. तापीला पाणी होते, शेतात कापूस होता, हात होते. आग मात्र बाहेरून आणावी लागली. सुरुवातीच्या काळात हा कोळसा जहाजाने थेट ब्रिटनहून मुंबईला येई. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतला, कमी धूर आणि भरपूर वाफ देणारा कोळसा तेव्हा जगभरच्या आगबोटींना आणि इंजिनांना हवा असे. म्हणजे आपले आणि त्या दूरच्या खोऱ्यांचे नाते दीडशे वर्षांपूर्वीचे आहे.

मग कोळसा जवळ सापडला. वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोऱ्याला, सरकारने १८७० च्या दशकात खाण सुरू केली आणि केवळ तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. तिचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' होते. हा कोळसा जीआयपीच्या इंजिनांनी जाळला. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते आणि बाबा आमट्यांच्या कामाची थोरवी पाहता ते योग्यच आहे. पण त्याच गावाने मध्य भारतातल्या गाड्यांना एका पिढीभर वाफ पुरवली आणि खाण संपल्यावर ते इतिहासातून गळून गेले, हेही कुठेतरी नोंदले जायला हवे. काम बल्लारपूरला सरकले, मग घुग्घुस, राजूर, माजरी, दुर्गापूर, सास्ती. वणी तालुक्यातल्या राजूरला लोक अजून 'राजूर कॉलरी' म्हणूनच ओळखतात.

या कॉलऱ्यांमध्ये कोण उतरले? आसपासचे गोंड आणि दलित शेतमजूर, छत्तीसगडमधून आलेली कुटुंबे, तेलंगणातून आलेले लोक. बायकाही उतरल्या. ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या देशातल्या बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखालच्या कामाला १८४२ मध्येच मनाई केली होती. त्याच सरकारला हिंदुस्थानातल्या बायका खाणीतून वर आणायला १९२९ उजाडावे लागले आणि तेही टप्प्याटप्प्याने. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये ही बंदी उठवण्यात आली आणि मध्य प्रांतातल्या बायका पुन्हा भुयारात गेल्या. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बंदी परत लागू झाली. कोळशाचा हिशेब टनांत मांडणाऱ्या सरकारी अहवालांत या बायका फक्त आकडा म्हणून दिसतात.

वेल्सच्या खोऱ्यांची कथा जगाने नीट लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळते. ऱ्होंडा खोऱ्यात १८५० च्या सुमारास काही शे मेंढपाळ आणि शेतकरी राहत. १९२१ च्या शिरगणतीत तिथे एक लाख साठ हजारांहून अधिक माणसे होती. १९१३ मध्ये दक्षिण वेल्सने ५ कोटी ७० लाख टन कोळसा काढला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला सेन्घेनिड गावच्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. एवढ्याशा गावात असे घर उरले नसेल जिथे दुःख पोचले नाही.

त्या लोकांनी दुःखातून जे उभे केले, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. पगारातून दर आठवड्याला थोडे पैसे कापून त्यांनी वाचनालये बांधली, सभागृहे बांधली, वाद्यवृंद आणि गायनमंडळे चालवली. ट्रेडेगर गावात कामगारांची औषधोपचार संस्था होती: कामगाराने आपल्या मजुरीतून वर्गणी भरायची आणि आजारपणात सगळ्या कुटुंबाला डॉक्टर मिळायचा. त्याच गावचा, तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अनायरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने साऱ्या देशासाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू केली. एका खाणगावातली वर्गणीची कल्पना राष्ट्राची व्यवस्था झाली. मर्थर टिडफिल या दुसऱ्या खाण-भट्टीच्या गावाने १९०० मध्ये केअर हार्डी या कामगार पुढाऱ्याला पार्लमेंटमध्ये पाठवले. तेच हार्डी १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले आणि इथल्या स्वराज्याच्या मागणीची बाजू उघडपणे मांडून गेले.

आपल्याकडे काय झाले? अमळनेरला प्रताप शेटजींनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात प्रताप मिल काढली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. एका कापडगिरणीच्या नफ्यातून तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाचे संशोधन केंद्र उभे राहिले आणि देशभरचे अभ्यासक तिथे येऊन राहिले, याला भारतात फार जोड्या सापडणार नाहीत. प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत शिकवत होते. पुढे महाविद्यालय आले. जळगावचे महाविद्यालयही मुळजी जेठा यांचेच नाव सांगते. खान्देशच्या शिक्षणावर गिरणीमालकांचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करताना हात आखडण्याचे कारण नाही. तरीही एक फरक दिसतो. वेल्समध्ये वाचनालय कामगाराच्या पैशातून उभे राहिले, म्हणून त्याचे विश्वस्त कामगार होते. इथे विद्यालय शेटजींच्या उदारपणातून आले. मिल बंद झाली तेव्हा विद्यालय टिकले, पण भोंग्याबरोबर ज्यांचे दिवस ठरत होते त्या चाळींतल्या कुटुंबांच्या हाती त्यांची स्वतःची अशी संस्था उरली नाही.

गिरण्या एकामागून एक गेल्या. चाळीसगाव आणि धुळ्याच्या गिरण्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, आणि तरीही वाचल्या नाहीत. जळगावात रेल्वे स्टेशनजवळ खान्देश मिलच्या जागेवर आज 'खान्देश सेंट्रल' उभे आहे. शहर वाढते तेव्हा मध्यवस्तीतली जागा पडीक राहू नये, हे कुणालाही पटेल. पण ज्यांच्या तीन पिढ्या त्या आवारात साचे चालवत होत्या त्यांचे पुढे काय झाले, किती जण हातगाडीवर आले, किती जण सुरतेला गेले, याचा शहराने कधी धांडोळा घेतला का? घेतला नाही. भुसावळातही तेच. विजेच्या तारा आल्या, वाफेची इंजिने भंगारात गेली, आणि भट्टीसमोर उभे राहून फावड्याने कोळसा लोटणाऱ्या फायरमनचे कसब एका दशकात निरुपयोगी झाले. रेल्वे मोठी होती म्हणून तिने आपली बहुतेक माणसे दुसऱ्या कामांवर सामावून घेतली. गिरण्यांना असे काही करणारे कुणी नव्हते.

भुसावळातून कोळसा मात्र गेला नाही. शहराबाहेर दीपनगरला १९६८ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला छोटा संच सुरू झाला. मग २१० मेगावॉटचे दोन आले, एक १९७९ मध्ये, दुसरा १९८२ मध्ये. या शतकात ५०० मेगावॉटचे दोन, आणि आता ६६० चा. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे रोज दोन भरलेल्या मालगाड्या. आपल्याकडच्या दगडी कोळशात राख फार: शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख मागे राहते. ती राख वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात जाते. वर्धा खोऱ्यातल्या आणि छत्तीसगडमधल्या माणसांनी जमीन पोखरून, गावे उठवून, मातीचे डोंगर रचून जो कोळसा पाठवला, त्याचा प्रकाश आपल्या घरांत आला आणि उरलेला भाग आपल्याच दोन-चार गावांच्या उरावर बसला. फेकरी, पिंप्रीसेकम, वेल्हाळे इथल्या लोकांना उन्हाळ्यातला वारा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मालकी सरकारची झाली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे १९७३ मध्ये अनेकांना वाटले होते. त्या आशेला कारण होते. खासगी मालकांच्या काळात छिंदवाड्याजवळच्या न्यूटन चिखलीच्या खाणीत डिसेंबर १९५४ मध्ये पाणी शिरून साठहून अधिक कामगार बुडाले होते. राष्ट्रीयीकरणाने वेतन सुधारले, निवृत्तिवेतन, दवाखाने, वसाहती आल्या, हे खरे आहे. पण नोव्हेंबर १९७५ मध्ये नागपूरजवळच्या सिल्लेवाड्याच्या खाणीत पाणी शिरून दहा माणसे गेली आणि पुढच्याच महिन्यात, २७ डिसेंबरला, धनबादजवळच्या चासनाल्यात पावणेचारशेच्या आसपास. दोन्ही खाणी तेव्हा सरकारच्या ताब्यात होत्या. वेल्समध्येही तसेच घडले होते. तिथल्या खाणी १ जानेवारी १९४७ ला राष्ट्राच्या झाल्या, लोकांनी आनंदाने फलक लावले. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी ॲबरफॅन गावावर टेकडीवरचा खाणीच्या मलब्याचा ढीग पावसाने भिजून खाली आला आणि शाळेवर कोसळला. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले होती. चौकशीने सरकारी कोळसा मंडळालाच जबाबदार धरले. एवढे होऊनही उरलेले ढीग हलवण्याच्या खर्चासाठी, जगभरातून लोकांनी आपद्‌ग्रस्तांना पाठवलेल्या निधीतून दीड लाख पौंड काढून घेतले गेले. ती रक्कम परत करायला १९९७ साल उजाडले.

ॲबरफॅनची आठवण अशासाठी की आपल्याकडे वर्धा खोऱ्यातही पोखरलेली जमीन शांत बसलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात, जुन्या भूमिगत खाणीच्या वर बांधलेले एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून जीव वाचले. शेजारच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. खाण बंद केली म्हणजे तिचा हिशेब संपत नाही. खालची पोकळी आणि वरचे ढीग पुढच्या पिढ्यांच्या नावे राहतात.

भारतात कोळसा उद्या संपणार आहे, असे मुळीच नाही. २०२४-२५ मध्ये देशाने पहिल्यांदा शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. नक्त शून्य उत्सर्जनासाठी भारताने ग्लासगोच्या परिषदेत सांगितलेले वर्ष २०७० आहे. तरी एकेक भूमिगत खाण बंद होते आहे, एकेक जुना संच मोडीत निघतो आहे. राष्ट्राचा कोळसा वाढत असताना एखाद्या गावाचा कोळसा संपू शकतो. वरोऱ्याने ते १९०६ मध्येच पाहिले. ब्रिटनने आपले शेवटचे कोळशाचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले. त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटची शेवटची झोतभट्टी विझली आणि ती भट्टी होती टाटा स्टीलची. हजारो कुटुंबांच्या भवितव्याचा निर्णय आता मुंबईतल्या कार्यालयात होतो. एके काळी आपले निर्णय लंडनला होत.

वेल्समध्ये हे संपणे फार वाईट रीतीने झाले. १९८४-८५ चा वर्षभराचा संप मोडला, त्यानंतरच्या दहा वर्षांत खाणी धडाधड बंद केल्या गेल्या आणि खोऱ्यांत दुसरे काही उभे करण्याआधीच माणसे रिकामी बसली. त्यांतले काही तालुके अजून ब्रिटनमधल्या गरीब भागांत मोजले जातात. एक अपवाद मनात राहतो. टॉवर ही खाण १९९४ मध्ये सरकारने तोट्याची ठरवून बंद केली. तिथल्या २३९ कामगारांनी आपल्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड घातले, खाण विकत घेतली, जानेवारी १९९५ मध्ये पुन्हा सुरू केली आणि २००८ मध्ये कोळसा खरोखर संपेपर्यंत चालवली. शेवटचा दिवस त्यांनी स्वतः ठरवला.

दीपनगरच्या बाबतीत आपल्याला हेच हवे आहे: शेवटचा दिवस ठरवण्यात इथल्या माणसांचा वाटा. जुना संच बंद करण्याचा आदेश मुंबईहून निघतो तेव्हा त्यात यंत्रांच्या भंगाराची किंमत असते. कायम कर्मचाऱ्यांची बदली होते. कंत्राटी कामगाराचे नाव मात्र त्या कागदावर कुठेच नसते, कारण तो ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. प्रकल्पग्रस्त म्हणून ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या नातवांनाही त्या कागदात जागा नसते. संच बंद होण्याच्या किमान पाच वर्षे आधी हे तपशील जिल्ह्यासमोर ठेवले पाहिजेत: किती कंत्राटी कामगार, कुणाला कोणते प्रशिक्षण, राखेचा बंधारा कोण आणि किती वर्षे सांभाळणार, त्यासाठीचा पैसा कोणत्या खात्यात. हा पैसा विजेच्या दरातून आज बाजूला काढता येतो. केंद्र बंद पडल्यावर तो कुणीही देणार नाही.

आणि कोळशाची जागा घेणारी वीज आपोआप न्याय्य असेल, या भ्रमात खान्देशाने तरी राहू नये. साक्री तालुक्यात पवनचक्क्या फिरतात, तिथल्याच शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे, त्याचा अभिमान वाटतो. पण शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा रास्त मोबदला मागत मागत जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि ते गेले. वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस त्या इमारतीत दार-दार फिरला होता. तो प्रकल्प आधी कोळशाचा ठरला होता, मग सूर्याचा झाला. मोबदल्याची रीत तीच राहिली.

एक काम मात्र कुणाच्याही आदेशाची वाट न पाहता सुरू करता येईल. दक्षिण वेल्समध्ये खाणी बंद होऊ लागल्या तेव्हा स्वॉन्सीच्या विद्यापीठाने गावोगावच्या कामगार वाचनालयांतली पुस्तके वाचवली, म्हाताऱ्या खाणकामगारांची बोलणी ध्वनिफितीवर घेतली आणि १९७३ मध्ये, म्हणजे आपल्या राष्ट्रीयीकरणाच्याच वर्षी, खाणकामगारांचे ग्रंथालय उघडले. आपल्याकडे धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे, जळगावला बहिणाबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे. भुसावळच्या लोको शेडमध्ये विशीत लागलेला खलाशी, प्रताप मिलमधला साचेवाला, खान्देश मिलच्या दाराशी भाकरी घेऊन उभी राहणारी त्याची बायको, दीपनगरच्या पहिल्या संचावर कोळसा उतरवणारा मजूर, ही माणसे आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांतली बरीचशी अहिराणी आणि लेवा बोलीत बोलतात. त्यांच्या तोंडून त्यांच्याच बोलीत हे सगळे नोंदून घेण्यासाठी विद्यापीठाच्या इतिहास आणि मराठी विभागांतले विद्यार्थी, दफ्तर शिस्तीने सांभाळण्याचे राजवाडे मंडळाचे ज्ञान आणि प्रत्येक गावातले दोन-तीन शिक्षक एवढे पुरे आहे. गिरण्यांचे हजेरीपट, पगारपत्रके, संघटनांची पत्रके कुणाच्या माळ्यावर असतील तर तीही तिथे जमा व्हावीत. जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. पहिल्या सत्रातच या कामाला हात घालावा, अशी आमची दोन्ही संस्थांना विनंती आहे.